तीन टिंबं

सोम., ३ फेब्रु.

पलसाण्याच्या मिलचं फोनवरचं पान आज सुरू झालं. कापड रंगवायची मिल. आप्पा तिथे कलर मास्तर, म्हणजे शेड जुळवणारे. मी शाळेत होते तेव्हापासून. हे काम आमच्या ऑफिसला आप्पांच्या ओळखीनं मिळालं असं आप्पा समजतात. केतनभाई, वेबसाइट बनवणाऱ्या आमच्या चार माणसांच्या ऑफिसचे साहेब, समजतात की त्यांच्या गोड बोलण्यानं मिळालं. दोघंही खूश आहेत, मी कशाला मध्ये पडू.

पान अगदी साधं. आज कुठला लॉट, कुठली पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, कुठली शेड, किती ताके म्हणजे कापडाचे तागे, कुठलं मशीन. पाच रकाने. आजवर हे सगळं सकाळी फळ्यावर खडूनं लिहायचे आणि दुपारपर्यंत कोणाची तरी पाठ घासून निम्मं पुसलं जायचं. आता ज्याच्या त्याच्या फोनवर. भाषा हिंदी. मिलमध्ये खानदेशी, उडिया, बिहारी, सुरती सगळेच आहेत आणि हिंदी सगळ्यांना सारखीच अर्धी येते.

के.भाईंनी सकाळपासून सहाव्यांदा विचारलं, "मोबाइलमां बराबर देखाय छे ने?" दिसतं म्हटलं.

बुध., ५ फेब्रु.

दिसत नाही.

कॉम्प्युटरवर पाच रकाने ऐसपैस बसतात. फोन चार बोटं रुंद. शेअर रिक्षातल्या पाचव्या माणसासारखा पाचवा रकाना अर्धा बाहेर लटकतोय. मशीनचा रकाना खाली ढकलला. पार्टीचं नाव बारीक केलं. राहिलं शेडचं नाव. 'रानी डार्क', 'गाजर मीडियम', 'रामा हल्का'. काही फोनवर एका ओळीत मावतात, काहींवर दुसरी ओळ होते आणि यादी उंचसखल दिसते.

निशितभाई म्हणाला दो लाइन में गंदा लगता है. हा मालकांचा मुलगा, पान त्याच्याच हौसेचं. आम्ही मराठी म्हणून आमच्याशी हिंदीतच बोलतो. मी जन्मानं सुरतेची आहे हे दोनदा सांगून झालं.

तर नाव एका ओळीत कोंबलं. नाहीच मावलं तर उरलेलं कापायचं आणि पुढे तीन टिंबं. अर्ध्या मिनिटाचं काम. सगळं जग असंच करतं. ऑफिसातल्या सातही फोनवर तपासलं, एकाही ठिकाणी नाव कापलं जात नाही. म्हणजे टिंबं आहेत ती नुसती राखीव.

शनि., ८ फेब्रु.

अर्धा दिवस. चारला कोसाडला घरी. उत्तरायणचा मांजा अजून आमच्या बिल्डिंगच्या तारांवर लोंबतोय.

माय गॅलरीत बसलेली. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम ती घरी आणते, पण आज मांडीवर साडी नव्हती. कापडाचे दोन छोटे तुकडे उन्हात शेजारी शेजारी धरून बघत होती. मला पाहिलं आणि आप्पांच्या डब्याच्या पिशवीत टाकले. विचारलं नाही. मायचं काहीतरी झाकणं-ठेवणं चालूच असतं.

आप्पांना विचारलं, पान कसं वाटतं. "चांगलं शे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. माझ्या दहावीच्या निकालालाही एवढंच म्हणाले होते.

मंगळ., ११ फेब्रु.

नि.भाईनं नवा फोन घेतला. त्याच्यावर खालची पट्टी यादीच्या शेवटच्या ओळीवर येऊन बसते. त्यावरून के.भाईंना तीन फोन, मला दोन. जेवण बाजूला ठेवून दुरुस्त केलं. मालकाच्या फोनवर केसाएवढं हललं तरी ती आपत्ती.

मिलमधल्या दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं के.भाईंचं म्हणणं. मीही तेच धरून चालते.

शुक्र., १४ फेब्रु.

घोळ.

अठ्ठावीस ताके. पार्टीला रामा हवा होता, हलका. रामा म्हणजे हिरव्या-निळ्याच्या मधला. सुरतेत साडीचं दुकान रामाशिवाय उघडत नाही. मशीनमधून निघाला गडद. हलक्याचा गडद करता येतो, गडदाचा हलका होत नाही. हे आमच्या घरात मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं.

आप्पा म्हणाले, पानावर गडदच होतं. नि.भाईनं फोन काढला: 'रामा हल्का'. मशीनवाल्याच्या फोनवर 'रामा हल्का', पण तो मास्तर देतील तोच रंग घालतो. गोदामवाल्याच्या, वॉचमनच्या, सगळ्यांच्या. आप्पांचा फोन कोणी मागितला नाही. त्यांनीही काढून दाखवला नाही.

संध्याकाळी आप्पांची कळण्याची भाकरी तशीच ताटात. एकच वाक्य: "पानवर डार्कच व्हतं." माय माझ्याकडे बघत होती, जणू मीच फळा पुसला.

शनि., १५ फेब्रु.

के.भाईंनी सांगितलं, मिलला लेखी पाहिजे. त्या सकाळी यादीत कोणी फेरफार केला का, ते मी बघितलं. नाही. गुरुवारी संध्याकाळपासून तिथे 'रामा हल्का'च आहे. सातही फोन पुन्हा काढले. सगळीकडे पूर्ण नाव.

अहवाल मीच लिहिला. दोन ओळी. "पानात दोष आढळला नाही. माहिती योग्य दिसत होती." खाली माझं नाव. पाठवताना हात थांबला का, तर नाही. जे दिसलं ते लिहिलं.

दुपारी निर्णय आला. सोमवारपासून आप्पा घडी खात्यात. तयार कापडाच्या घड्या घालायच्या. शेडच्या टेबलावर तात्पुरता दुसरा माणूस. नि.भाई म्हणाला उमर हो गई है, भूल जाते हैं, इसमें बुरा मानने का नहीं. हे के.भाईंनी मला सांगितलं, वर म्हणाले की आपल्या पानाचं नाव तरी वाचलं.

घरी गेले तेव्हा आप्पांना कळलेलं होतं. अहवाल कोणी लिहिला हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

रवि., १६ फेब्रु.

सापडलं. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आप्पांचा रिचार्ज संपलेला. फोन हातात घेतला तर अक्षरं एवढी मोठी की एका मेसेजनं स्क्रीन भरलेला. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, अक्षराचा आकार शेवटच्या खुणेपर्यंत ओढलेला. मग मिलचं पान उघडलं. शुक्रवारची यादी.

'रामा …'

अक्षरं फुगली, माझी चौकट तेवढीच राहिली. 'हल्का' आत मावलं नाही म्हणून कापलं गेलं आणि माझी राखीव टिंबं बाहेर आली. तीन. आणखी एक अक्षर मावलं असतं तर 'रामा ह…' दिसलं असतं आणि आप्पा अडखळले असते. नेमकं मोकळ्या जागेवर कापलं.

आणि तीन टिंबं म्हणजे गडद.

हे मला माहीत होतं. आप्पा ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांची रीत. शेडच्या नावापुढे एक टिंब म्हणजे हलका, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे गडद. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. उस्ताद गेले, मिलमध्ये नवी माणसं आली, आता ही खूण एकट्या आप्पांची. पाच-सहा वर्षांची असताना मी त्यांच्या खिशातल्या वहीतली टिंबं बोटानं मोजायचे. मोजायला मी तिथेच शिकले. आणि पान करताना डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं मी टिंब म्हणजे अपुरं वाक्य असंच धरून चालले होते.

त्याच्या आधी दोन दिवस 'रानी डार्क'चा लॉट होता. त्यांच्या फोनवर तेही 'रानी …' दिसलं असणार. त्यांनी गडद केला, बरोबर निघाला. म्हणजे त्यांची खात्रीच पटली की पोरीनं पानावर आपल्या उस्तादांची रीत ठेवली आहे. त्यांना कदाचित बरंही वाटलं असेल.

हा शेवटचा विचार फार त्रास देतोय.

फोन त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं की ही टिंबं फोनची आहेत, टाकायला मी सांगितली होती. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, म्हणजे मी खोटं बोललो नाही. नाही म्हटलं. अहवाल मी लिहिला, तेही सांगून टाकलं. मान हलवली फक्त.

अक्षरं इतकी मोठी कशाला केलीत, विचारलं.

"लहान अक्षरं माले आवडतस नही."

मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "कोनले सांगू नको."

सोम., १७ फेब्रु.

पहिलं काम, टिंबं काढली. नाव कितीही ओळींत जाऊ दे, कापायचं नाही. अक्षरं शेवटच्या खुणेपर्यंत ओढून एकेक पान बघितलं. तीन ठिकाणी फुटलं, तिन्ही सांधली. आम्ही सात फोन तपासतो, पण सातही आमच्याच डोळ्यांनी. ऑफिसात सगळ्यात मोठे के.भाई, वय त्रेचाळीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

के.भाईंना सांगितलं की पानात दोष होता, अहवाल चुकला, दुरुस्त करून पाठवायला हवा. कोणाच्या फोनवर दोष, त्यांनी विचारलं. एकाच.

"एक फोन माटे?" म्हणाले. मग जरा थांबून, की दोष सुधारला ना, मग आता उकरून काय काढायचं. क्लायंट बिथरेल. त्यांचं चुकीचं आहे असं नाही. ऑफिस त्यांना चालवायचं आहे.

आता मांडणी अशी. मी गप्प राहिले तर आप्पा म्हातारे झाले, विसरतात, आणि वर खोटं रेटून बोलतात. घडी खातं, तेही किती दिवस. मी बोलले तर पुरावा एकच, त्यांचा फोन. फोन दाखवला की पुढचा प्रश्न कोणीही विचारेल, मास्तरांना इतकी मोठी अक्षरं का लागतात. कलर मास्तरला दुसरं काही नसलं तरी चालतं. डोळे लागतात.

लिहून काढलं की सुटतं असं वाटलं होतं.

बुध., १९ फेब्रु.

आज घरी मुद्दाम लवकर गेले, आप्पा यायच्या आत. माय स्टोन लावत होती. तिला सरळ विचारलं, ते तुकडे कसले होते.

तिनं चिमटा खाली ठेवला. म्हणाली, "दीड वरीस व्हयनं. मीच दखस."

नवी शेड आली की आप्पा पार्टीचा नमुना आणि मिलच्या लॅबमध्ये रंगवलेला तुकडा डब्याच्या पिशवीत घालून घरी आणतात. सकाळी साडेसातला आमच्या गॅलरीत ऊन येतं. त्या उन्हात माय दोन्ही शेजारी धरते. पिवळं जास्त झालं, निळं कमी पडलं, थोडं मळकं आहे, असं सांगते. कुठला रंग किती वाढवायचा, किती काढायचा, हा हिशेब आप्पांचा. तो त्यांना झोपेतही येतो. पण बघणं मायचं. दीड वर्षात त्या मिलमधून जे काही नवं निघालं आणि सुरतेच्या बाजारातून कुठे कुठे गेलं, ते सगळं कोसाडच्या दुसऱ्या मजल्यावरून पास झालेलं.

आणि मी या घरात राहते. रोज सातला त्याच गॅलरीत ओला टॉवेल टाकते.

शुक्रवारची शेड जुनी, आधी कितीदा केलेली, म्हणून तुकडा घरी आलाच नाही. गडद की हलका एवढंच पानावर बघायचं होतं.

मायला विचारलं की तू त्यांना दवाखान्यात का नेलं नाहीस. म्हणाली की दोनदा नेलं, दोनदा रस्त्यातून परत फिरले. एकदा तर रिक्षातून उतरून शेवभाजीचं सामान घेऊन आले. मला हसू आलं आणि मग रागही आला, तिच्यावर, त्यांच्यावर, स्वतःवर. मायला म्हटलं की मला सांगायला हवं होतंस. ती म्हणाली तू सारखी स्क्रीनमध्ये असतेस. खरं आहे.

गुरु., २० फेब्रु.

के.भाईंना सांगून, त्यांच्या समोर, नि.भाईला फोन केला. म्हटलं अहवाल चुकीचा होता. अक्षरं मोठी केली की नाव कापलं जात होतं, तिथे तीन टिंबं येत होती, आणि तुमच्या मास्तरांच्या वहीत तीन टिंबांचा अर्थ गडद असा आहे. ते खोटं बोलले नाहीत. चूक माझी.

तो म्हणाला, पिताजी हैं इसलिए बोल रही हो? रविवारी काढून ठेवलेला स्क्रीनचा फोटो पाठवला. जुनी वही मिलच्या कपाटात आहे, तीही बघा म्हटलं. गेला, बघून आला, परत फोन केला. आवाज बदललेला. मग जो प्रश्न येणार होता तो आलाच.

"लेकिन इतना बड़ा अक्षर क्यों रखते हैं?"

मी म्हटलं अक्षर कितीही मोठं ठेवणं ही ज्याची त्याची मर्जी, पान फुटता कामा नये. उत्तर बरं होतं. पण तो काही दूधखुळा नाही. म्हणाला मंगळवारी दहाला मास्तरांना घेऊन या, फोनही आणा. मालकांशी आणि पार्टीशी बोलून सगळं साफ करू. आणि जाता जाता, ऐसे ही दो-चार शेड टेबल पे रख देंगे, मास्तर एक नज़र मार लेंगे.

के.भाईंनी चहा स्वतः आणून दिला.

घरी सांगितलं. आप्पांनी विचारलं, डोळ्यांचं बोललीस का? नाही म्हटलं. ते उठून आत गेले. कोणाला सांगू नको म्हणाले होते आणि मी अर्धं सांगितलं. अर्ध्यानं त्यांचं जास्त नुकसान होतं की कमी, माहीत नाही. मी असं करायला नको होतं असं मात्र वाटत नाही.

शनि., २२ फेब्रु.

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी मायकडे मागतात.

आज फोन चार्जिंगला लावला होता त्यांनी. सहज नजर गेली. अक्षरं बारीक केलेली, नव्या फोनवर असतात तेवढी. मंगळवारची तयारी. संध्याकाळी तोच फोन हातभर लांब धरून बसले होते, अंगठा मध्ये मध्ये सरकवत. माझ्याकडे न बघता, मायला उद्देशून म्हणाले, "माले बठ्ठं दिसस."

सगळं दिसतं म्हणे, आणि स्क्रीन विझलेला होता. 

रवि., २३ फेब्रु.

सकाळी स्वतःच शर्ट घालून दारात. म्हणाले चल. कुठे, ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. परत फिरतील या भीतीनं रिक्षात सामान-बाजाराच्या गोष्टीही काढल्या नाहीत.

डोळ्यांचा दवाखाना. मोतीबिंदू. उजवा पिकलेला, डावा निम्म्यावर. डॉक्टर बाई तरुण, घाईत. ऑपरेशननंतर छान दिसेल म्हणाल्या, एकेक डोळा करू, मध्ये काही आठवडे जाऊ देऊ. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं, निळं तर मेल्यासारखं. काढला की निळं इतकं निळं दिसतं की लोक दचकतात. त्यांनी विचारलं काम काय करता. आप्पा म्हणाले, घडी खातं. खोटं नव्हतं.

ऑपरेशनचा दिवस सांगून जा म्हणाल्या. आप्पा म्हणाले कळवतो.

परतीच्या बसमध्ये तीन दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा सलग बोलले. सुट्टी टाकली तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की मालक मागचं दीड वर्ष मोजायला बसणार, आणि त्यात एकही शेड चुकलेली नसली तरी कोण ऐकणार. आणि मायचं नाव निघालं तर लोक हसतील. मला नाही, तिला हसतील, असं म्हणाले. हे मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं त्यांना स्वतःची लाज आहे.

तापी आली, गेली. मग त्यांनी विचारलं, तुझ्या पानावर अक्षर किती मोठं होऊ शकतं. म्हटलं कितीही करा, आता काही कापलं जाणार नाही, काही फुटणार नाही. थोड्या फुशारकीनंच सांगितलं.

"अक्षर मोठं करता येस," आप्पा म्हणाले. "रंग कसा मोठा करशी?"



सोम., २४ फेब्रु.

ऑफिस. दुसऱ्या क्लायंटचं काम, हॉटेलचं मेनू कार्ड. फोनवर भाव पुढच्या पदार्थासमोर सरकतात. चार तास त्यात गेले. अक्षरं मोठी करून बघितली, सगळ्यात आधी.

नि.भाईचा मेसेज: कल दस बजे पक्का ना. पक्का म्हटलं.

घरी माय इस्त्री करत होती. कशाला, ते लक्षात आलं नाही.

मंगळ., २५ फेब्रु.

सकाळी साडेसातला आप्पा गॅलरीत उभे. ऊन आलेलं. हात मोकळे, तुकडे नाहीत, नुसते उभे. मग आत आले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"पहिलेसारखं करी दे."

अक्षराची खूण शेवटपर्यंत ओढली. त्यांनी पान उघडलं. आजची यादी, शेडची नावं दोन-दोन ओळींत, उंचसखल, नि.भाईला गंदी वाटेल अशी. त्यांनी पहिली तीन नावं मोठ्यानं वाचली. कुठेही टिंब नाही. फोन खिशात टाकला.

दवाखान्याचा कागदही खिशात होता. घडी घालून, बाहेर थोडा दिसेल असा. तो कोणाला दाखवणार की नुसता बरोबर असावा म्हणून, ते मी विचारलं नाही.

चपला घालत होतो तेवढ्यात माय आतून आली. इस्त्रीची साडी, डोक्याला तेल, हातात डब्याची पिशवी. रिकामी. म्हणाली, "मी बी येस."

मला वाटलं आप्पा नको म्हणतील. त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी. माय त्यांच्या डाव्या बाजूला. त्या डोळ्यानं अजून थोडं दिसतं.

बसमध्ये लिहिते आहे. उधना मागे पडलं. माय खिडकीशी, आप्पा मध्ये, पिशवी त्यांच्या मांडीवर. दहाला तिथे टेबलावर दोन-चार तुकडे मांडलेले असतील. ते कोण उचलून बघणार, हे आमच्या तिघांत अजून ठरलेलं नाही.